जुन्या क्राईम थ्रिलरमधले लोचे कसे पकडायचे

जुना थ्रिलर लावून चुका काढायला बसलं की अर्ध्या तासात वहीचं पान भरतं, त्यात काही कौतुक नाही. कौतुक त्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी नंतर स्वतःच खोडता येण्यात आहे. कारण "मला पटलं नाही", "मी असतो तर असं केलं नसतं", "हे सांगितलंच नाही" आणि "हे घडूच शकत नाही" या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि आपण चारही एकाच पोत्यात भरून वर प्लॉट होल अशी चिठ्ठी लावून मोकळे होतो. माझं म्हणणं असं की खरा प्लॉट होल दोनच ठिकाणी असतो: गोष्ट स्वतःच घालून दिलेला नियम मोडते तिथे, नाहीतर गुन्हेगाराचा प्लॅन अशा गोष्टीवर उभा असतो जी त्याच्या हातातच नव्हती तिथे. बाकीचं एकतर सांगायचं राहून गेलेलं असतं, नाहीतर माणूस माणसासारखा वागलेला असतो.

पुढे सगळ्या उदाहरणांचे शेवट फोडलेत. व्हर्टिगो, डायल एम फॉर मर्डर, डबल इन्डेम्निटी, सायको, स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन यातलं काही बघायचं राहिलं असेल तर आधी बघून या, मग वाचा.

पायरी १: पहिल्यांदा नुसतं बघा

पहिल्या वेळी वही-पेन लांब ठेवायचं. मनात जिथे "आँ?" झालं ती जागा फक्त लक्षात ठेवायची. पिक्चर चालू असताना खटकलेली गोष्ट आणि संपल्यावर दोन तासांनी आठवून खटकलेली गोष्ट यांचं वजन सारखं नसतं, आणि हे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकला पक्कं माहीत होतं. प्रेक्षक घरी जाऊन, फ्रिज उघडून खायला काहीतरी काढत असताना ज्याला प्रश्न पडतो अशा सीनला तो "आइसबॉक्स सीन" म्हणायचा. व्हर्टिगोमध्ये (१९५८) मॅडलिन एका हॉटेलात शिरते, वरच्या खिडकीत दिसते, तिच्या मागावर असलेला स्कॉटी आत जाऊन विचारतो तर मालकीण म्हणते आज ती आलेलीच नाही, आणि बाहेर बघतो तर तिची गाडीही गायब. याचं उत्तर पिक्चर संपेपर्यंत मिळत नाही, आणि बघताना कोणी मागतही नाही.

पायरी २: गोष्ट गुन्ह्याच्या क्रमाने लिहून काढा

ही सगळ्यात कामाची पायरी आहे आणि सगळे हीच गाळतात. पिक्चर आपल्याला गोष्ट तपासाच्या क्रमाने दाखवतो, म्हणजे आधी प्रेत, मग संशय, मग उलगडा. आपण गुन्हेगाराच्या बाजूने, घड्याळाच्या क्रमाने लिहायचं. तो कधी कुठे होता, कुठली वस्तू कोणाच्या हातात होती, कोण कोणाशी काय बोललं. वस्तूंवर तर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं, कारण माणूस खोटं बोलतो पण किल्ली एका वेळी एकाच खिशात असते.

डायल एम फॉर मर्डर (१९५४) घ्या. टोनीला बायकोचा, मार्गोचा, खून करवायचाय. तिच्या पर्समधून तो घराची किल्ली काढतो आणि फ्लॅटबाहेरच्या जिन्यावर कार्पेटखाली ठेवतो. भाडोत्री खुनी स्वॉन ती घेऊन आत येणार, काम करणार, आणि जाताना किल्ली परत तिथेच ठेवणार. होतं उलटं, मार्गो कात्रीने स्वॉनलाच मारते. टोनी घरी येतो, प्रेताच्या खिशातून किल्ली काढतो आणि गुपचूप तिच्या पर्समध्ये टाकतो. आता किल्लीचा प्रवास लिहा. स्वॉनने दार उघडल्या उघडल्या किल्ली परत कार्पेटखाली ठेवली होती, आत यायच्या आधीच. मग खिशात होती ती कुठली? त्याच्या स्वतःच्या घराची. म्हणजे तेव्हापासून मार्गोच्या पर्समध्ये तिच्या घराची किल्लीच नाही. इन्स्पेक्टर हबर्ड नेमकं हेच पकडतो, आणि शेवटी कार्पेटखालची किल्ली काढून दार उघडणारा टोनी स्वतःच अडकतो.

हे लिहून काढलं की लक्षात येतं की इथे फट नाहीये, उलट अख्खा पिक्चर त्या एका फटीवर रचलाय. टोनीने धरून चाललं की स्वॉन सांगितल्याप्रमाणे जातानाच किल्ली ठेवणार. दुसऱ्याच्या सवयीबद्दल त्याने अंदाज केला आणि तो चुकला, गुन्हेगार असाच पकडला जायला हवा.

पायरी ३: कोणाला कधी काय माहीत होतं

वहीत उभ्या रेघा मारा, प्रत्येक पात्राला एक रकाना, आणि प्रत्येक सीननंतर त्याला काय कळलं ते टाका. प्रेक्षक म्हणून आपल्याला सगळं दिसत असतं आणि आपण ते नकळत पात्राच्या डोक्यात घालतो, "अरे तो मूर्ख आहे का, समोरच खुनी बसलाय" असं आपण ओरडतो त्यातल्या बऱ्याच वेळा त्या बिचाऱ्याच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नसतं. सायकोमध्ये (१९६०) डिटेक्टिव्ह आर्बोगास्ट एकटाच त्या घरात जिना चढतो म्हणून त्याला वेड्यात काढतात. त्याचा रकाना बघा: घरात एक म्हातारी आजारी बाई आहे आणि मुलगा काहीतरी लपवतोय, एवढंच त्याला माहीत आहे. एका म्हाताऱ्या बाईला भेटायला कोण बॅकअप मागवतं? शिवाय जाण्याआधी तो फोन करून, ज्या बेपत्ता मॅरियनला तो शोधतोय तिची बहीण लीला, तिला सांगून ठेवतो, आणि त्या फोनमुळेच पुढे लोक त्याला शोधत तिथे पोचतात. हा निर्णय चांगला लिहिलेला आहे, तो मेला म्हणून वाईट ठरत नाही.

पायरी ४: तक्रारींची वाटणी

आता पानावरची प्रत्येक तक्रार कुठल्या जातीची आहे ते ठरवा.

नुसती नजरचूक असेल तर लगेच बाजूला काढा. शेरलॉक होम्सच्या रेड-हेडेड लीगमध्ये (१८९१) जाहिरात २७ एप्रिल १८९० ची आहे, वॉटसन म्हणतो दोनच महिने झाले, आणि लीग बंद झाल्याची पाटी ९ ऑक्टोबरची. हिशोब साफ चुकलाय, पण या चुकीमुळे चोर सुटत नाही की सापडत नाही. वॉटसनची युद्धातली जखम पहिल्या कादंबरीत खांद्यावर आणि दुसरीत पायावर, तेही तसंच. मजा घ्यायची, पुढे जायचं.

सांगायचं राहून गेलेलं वेगळं. त्याच गोष्टीत चोर तळघरातून बँकेपर्यंत भुयार खणतात, मालकाला घरातून रोज चार तास बाहेर ठेवण्यासाठी त्याला एन्सायक्लोपीडिया उतरवून काढायची नोकरी लावतात (आणि तो आठवड्याला चार पौंड मिळतात म्हणून आनंदाने उतरवतो, लोभी माणूस असाच वागतो, तिथे मला काडीचंही खटकत नाही). पण खणलेली माती गेली कुठे? भुयार म्हणजे ढिगाने माती, आणि ती दुकानातल्या तळघरातून कुठेतरी नेली पाहिजे. गोष्टीत यावर एक शब्द नाही.

योगायोगाला साधा नियम लावा. योगायोगाने पात्र अडचणीत आलं तर माफ, योगायोगाने सुटलं तर नाही. टोनीचं घड्याळ बंद पडतं म्हणून मार्गोला टेलिफोनपाशी आणायचा त्याचा फोन उशिरा जातो, हे माफ. हेच घड्याळ बंद पडल्याने त्याचा खून पचला असता तर आपण लेखकाला धरलं असतं.

आणि निसर्गाचेच नियम मोडणारं असेल तर तो सरळ होल, कितीही आवडती गोष्ट असली तरी. स्पेकल्ड बँडमध्ये (१८९२) डॉक्टर रॉयलॉट साप तिजोरीत ठेवतो, दूध पाजतो, घंटेच्या दोरीवरून खाली सोडतो आणि शिट्टी मारून परत बोलावतो. साप दुधावर पाळला जात नाही आणि कुत्र्यासारखा शिट्टीवर तयारही होत नाही. तो नाही आला परत तर अख्खा प्लॅन पलंगावर वेटोळं घालून बसलेला सकाळी सगळ्यांना दिसणार. गोष्ट जबरदस्त आहे, पण प्लॅन शून्य मार्कांचा.

पायरी ५: प्लॅनला हलवून बघा

गुन्हेगाराचा प्लॅन एका पानावर लिहा आणि त्याच्या हातात नसलेल्या प्रत्येक गोष्टीखाली रेघ मारा. एखादी रेघ चालते. दोन असल्या तर त्याच्याकडे पर्यायी वाट आहे का ते शोधा. त्याच्या पुढे मात्र लेखक त्याच्या बाजूने पत्ते पिसतोय असं समजा.

व्हर्टिगोमधला एल्स्टर बघू. त्याने बायकोला मारलंय, तिचं प्रेत घेऊन तो चर्चच्या मनोऱ्यावर थांबलाय, आणि तिच्यासारखी नटलेली ज्युडी (स्कॉटी जिला मॅडलिन समजतो ती हीच) स्कॉटीला मागे लावून वर पळत येणार. स्कॉटीला उंचीची भीती, तो अर्ध्यातच अडकणार, वरून प्रेत खाली पडणार, आणि स्कॉटी आत्महत्येचा साक्षीदार होणार.

पहिली शंका: स्कॉटी तिला त्याच दिवशी तिथे नेईल हे एल्स्टरला कसं कळलं? इथे पिक्चर वाचतो. ती पहाटे स्कॉटीकडे येऊन स्वप्न सांगते, जागा तो ओळखतो आणि दुपारी तिथे जाऊ म्हणतो. मधल्या वेळात ज्युडी एल्स्टरला कळवू शकते. दाखवलं नाहीये पण जागा सोडलेली आहे. दुसरी शंका: नंतर ते दोघं खाली कसे आले? त्यावर शेवटी स्कॉटीच्या तोंडी एक वाक्य आहे, लपून बसले आणि सामसूम झाल्यावर उतरले. पटायला जड आहे, चर्चमधली माणसं धावत आलेली असताना मनोऱ्यावर कोणीच चढून बघत नाही, पण निदान लेखकाला प्रश्न माहीत होता.

तिसऱ्या शंकेला मात्र उत्तर नाही. स्कॉटी वर पोचलाच असता तर? प्रेमात पडलेला माणूस आहे, समोर बाई मरायला चाललीय, अशा वेळी भीती गिळून चार पायऱ्या जास्त चढला की वर नवरा, प्रेत आणि तोतया बायको तिघंही रंगेहाथ. किंवा खाली येऊन त्याने प्रेताचा चेहरा नीट बघितला असता तर? तो सुन्न होऊन निघून जातो, पण तो निघूनच जाईल यावर फासावर जायची पाळी आणणारा प्लॅन उभा करणारा एल्स्टर दुसरीकडे अगदी थंड डोक्याचा दाखवलाय. इथे मी लाल पेनाने रेघ मारतो. खरा होल.

पायरी ६: निर्णय पटत नाही तेव्हा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. "मूर्खासारखा वागला" हा आरोप सिद्ध करायचा असेल तर आधी सोपा रस्ता कोणता होता ते लिहा, मग तो रस्ता त्या क्षणी त्या माणसाला दिसत होता का, दिसत असेल तर त्यावर जायची किंमत काय होती, आणि ती किंमत गोष्टीने आपल्याला आधी दाखवली होती का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. किंमत नंतर कोणीतरी बोलून सांगितली तर ती मलमपट्टी.

स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन (१९५१). ब्रूनोने गायच्या बायकोला मारलं, आता गायने बदल्यात ब्रूनोच्या बापाला मारायचं. गाय सरळ पोलिसात का जात नाही? संशयाची कारणं बघा: बायको घटस्फोट देत नव्हती, त्याला दुसरीशी लग्न करायचंय, आणि तो फोनवर ओरडून म्हणालाय की तिचा गळा दाबावासा वाटतो. हे सगळं खुनाआधी आपण डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे ब्रूनो जेव्हा म्हणतो की तूही यात आहेस असंच सगळ्यांना वाटेल, तेव्हा ती धमकी खरी वाटते. निर्णय चुकीचा आहे पण पटतो.

सायकोमधली मॅरियन चाळीस हजार डॉलर घेऊन पळते आणि पोलीस समोर उभा असताना, त्याच्या डोळ्यांदेखत, घाईघाईत जुनी गाडी आणि वर सातशे डॉलर रोख देऊन दुसरी गाडी घेते. गाडी बदलण्याचा उपयोगच काय, त्याने दोन्ही गाड्या बघितल्या! पण ती मुरलेली चोर नाहीये, घाबरलेली कारकून आहे, आणि घाबरलेला माणूस ठरवलेली गोष्ट निरर्थक झाली तरी रेटत नेतो. गाडीतले तिच्या मनातले आवाज आपण ऐकत असतो. मला तर हा सीन पिक्चरमधला सगळ्यात खरा वाटतो.

ज्युडीचं तसंच. स्कॉटी तिला शोधून काढतो तेव्हा तिने त्याच रात्री शहर सोडायला हवं. पिक्चर तिला बॅग भरायला लावतो, सगळं कबूल करणारं पत्र लिहायला लावतो, मग ती ते फाडते आणि राहते. निर्णय वेडेपणाचा आहे, पण तो घेताना तिला आपण बघतो. पुराव्यातला हार गळ्यात घालणं मात्र मला अजून घशाखाली उतरत नाही, तिने तो ठेवला हे समजू शकतं, पण त्याच्यासमोर घातला?

नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट (१९५९) या कसोटीवर साफ नापास. एका माणसाला मोकळ्या माळरानावर एकटं बोलावलंय, आसपास चिटपाखरू नाही. मारायला काय लागतं? गाडीतून एक माणूस, एक गोळी. त्यासाठी फवारणीचं विमान कोण धाडतं, आणि तेही शेवटी टँकरवर जाऊन आदळतं. गुन्हेगाराला इथे सोपा रस्ता दिसतोय, त्याची किंमत काहीच नाही, तरी तो घेत नाही. हिचकॉकला तो सीन हवा होता, बस. आणि त्याने तो सीन असा केलाय की तक्रार करताना आपल्यालाच लाज वाटते.

पायरी ७: काळ आणि कात्री तपासा

जुन्या गोष्टीला आजची साधनं लावू नका. डीएनएचा वापर गुन्ह्याच्या तपासात १९८० च्या दशकात सुरू झाला, त्यामुळे १९४४ च्या पिक्चरमध्ये रक्त पुसून प्रश्न सुटत असेल तर सुटला. पण बोटांचे ठसे धरता येतात, स्कॉटलंड यार्डचा फिंगरप्रिंट ब्युरो १९०१ पासून आहे, तेव्हा ग्लोव्ह्ज न घालता घरभर हात लावत फिरणाऱ्या खुन्याला सूट नाही.

दुसरं म्हणजे हॉलिवूडचा प्रॉडक्शन कोड. १९३४ पासून १९६८ पर्यंत तो चालला आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे ही त्याची अट होती. शेवटच्या पाच मिनिटांत हुशार खुनी अचानक बावळट झाला की आधी या कोडवर संशय घ्या. बॅड सीड (१९५६) मध्ये खुनी मुलीवर शेवटी चक्क वीज पडते, मूळ कादंबरीत आणि नाटकात ती वाचते. स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेनच्या मूळ कादंबरीत गाय दुसरा खून खरंच करतो. पिक्चरमध्ये हिरोला ते करता आलं नाही, म्हणून त्याला इतका वेळ घुटमळत ठेवावं लागलं.

आणि कोणती प्रत बघताय तेही बघा. बिग स्लीप (१९४६) कोणाला कळत नाही म्हणतात त्याचं एक कारण एडिटिंग टेबलावर आहे. आधीची आवृत्ती तयार होती, परदेशातल्या सैनिकांना दाखवलीही होती, मग नायक-नायिका बोगार्ट आणि बकॉलचे सीन वाढवले आणि सगळा उलगडा करणारा सीन काढून टाकला. ड्रायव्हर ओवेन टेलरला कोणी मारलं हा प्रश्न तर थिएटरात आलेल्या प्रतीत सुटतच नाही. शूटिंगच्या वेळी तार करून लेखक रेमंड चँडलरलाच विचारलं तर त्यालाही माहीत नव्हतं, हे त्याने स्वतः पत्रात लिहिलंय. राहून गेलं म्हणजे किती राहून जावं!

पायरी ८: दुरुस्त करून बघा

जे उरलं ते स्वतः दुरुस्त करा. एका वाक्याने काम भागत असेल तर ते राहून गेलेलं, होल नाही. "माती रात्री मागच्या अंगणात टाकतो", झालं, रेड-हेडेड लीग सुटली. एक सीन वाढवावा लागत असेल तर ती ढिलाई. आणि दुरुस्त करायला गेल्यावर क्लायमॅक्सच निघून जात असेल तर तो खरा होल. एल्स्टरला शहाणा करा, मनोऱ्याचा सीनच उरत नाही.

याच पायरीवर कळतं की भारी लेखक काय करतात. प्रेक्षकाला पडणारा प्रश्न ते आधीच गोष्टीतल्या कोणाच्या तरी तोंडी घालतात. डबल इन्डेम्निटीमध्ये (१९४४) विमा एजंट नेफ आणि फिलिस मिळून तिच्या नवऱ्याला मारतात, ट्रेनमधून पडून मेला असं दाखवून दुप्पट रकमेसाठी. नेफचाच सहकारी कीज एका रात्री त्याच्या घरी येतो, त्याच्या डोक्यात किडा वळवळतोय: या माणसाचा पाय मोडला होता, त्याची अपघात पॉलिसी होती, मग त्याने पायाचा क्लेम का नाही केला? उत्तर तोच शोधतो, पॉलिसी आहे हेच त्याला माहीत नसणार. खुनी जोडीच्या प्लॅनमधली ही चूक पिक्चरची नाहीये, पात्रांची आहे, आणि ती पकडायला पिक्चरने स्वतःचा माणूस नेमलाय.

गंमत म्हणजे त्याच सीनमध्ये एक खरी गडबड आहे. कीज बाहेर पडतो तेव्हा आलेली फिलिस उघड्या दारामागे लपते, आणि त्यासाठी फ्लॅटचं दार बाहेर कॉरिडॉरमध्ये उघडतं. अशा इमारतीत फ्लॅटची दारं आत उघडतात. एक तर्क इतका घट्ट आणि दोन मिनिटांत दार उलटं, पण त्या वेळी आपला जीव मुठीत असतो आणि बिजागरीकडे कोण बघतंय.

लिहून ठेवताना

प्रत्येक लोच्यासाठी पाच ओळी पुरतात: सीन कुठला, नेमकं काय खटकलं, कुठली जात, दुरुस्ती किती, आणि त्याने शेवट बदलतो का. नमुन्याला एक देतो.

स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन, शेवट, जत्रेतला पाळणा. गाय आणि ब्रूनो फिरत्या लाकडी घोड्यांवर चढतात, चारी बाजूंना लहान मुलं बसलीयत, आणि पोलीस तिथे गायवर गोळी झाडतो, ती लागते पाळणा चालवणाऱ्याला. खटकलं हे की गायकडे हत्यार नाही, पळून जायला जागा नाही, पाळणा थांबवला की दोघंही हातात, मग गोळी कशाला. जात: न पटणारा निर्णय, सोपा रस्ता समोर, किंमत शून्य. दुरुस्ती: एका वाक्यात होत नाही, गायच्या हातात निदान काहीतरी द्यावं लागेल. शेवट बदलतो का: हो, गोळी नसती तर पाळणा बेफाम झाला नसता, आणि मरताना ब्रूनोच्या मुठीतून, गायला अडकवायला आणलेला, त्याचा लायटर निघाला नसता. लाल पेन.